आधी कीर्द, मग खतावणी

जमीन खरेदी केली म्हणजे त्याच दिवशी सातबारावर नाव चढत नाही, हे कवठे महांकाळच्या बाजूच्या शेतकऱ्याला काही नव्याने सांगायला नको. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात नंबर पडतो, कोणी कोणाला काय दिले ते लिहिले जाते, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजे मगच ती सातबारावर उतरते. हाताने लिहिण्याच्या काळी तोवर सातबारावर नुसती पेन्सिलीची खूण असे. शाई नंतर. जुने नाव खोडीत नसत. त्याला कंस करीत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर घालीत.

ही रीत फार प्राचीन नाही बरं का. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला तो १९०३ साली, आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात सामील करण्यात आला. गावचे नमुने बसवून देण्याच्या कामात अँडरसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव जुन्या तलाठ्यांच्या तोंडी असे. आपल्या टापूत संस्थानी गावे आणि खालसा गावे एकमेकांत मिसळलेली. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. जुन्या दप्तरात कागदाच्या माथ्यावरचे जिल्ह्याचे नाव असे बदलत गेलेले दिसते, पण आधी फेरफार आणि मग उतारा हा क्रम बदललेला दिसत नाही.

आज बोलायचे आहे ते संगणकाच्या दप्तराविषयी. इतिहासाचा मास्तर संगणकावर काय बोलणार, असे कोणाच्या मनात येईल. पण दप्तर कसे राखावे, आणि मध्येच घात झाला तर ते कसे सावरावे, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि गंमत अशी, की संगणकवाल्यांना याचे जे उत्तर सापडले ते आपल्या चावडीत आणि वाण्याच्या दुकानात आधीपासून होते. वाणी आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करतो. खतावणीच्या वेळी दिवा विझला तरी बिघडत नाही. कीर्द समोर ठेवून उद्या पुन्हा करता येते.

संगणकाच्या डिस्कवर माहिती असते ती लहान लहान तुकड्यांत. डिस्कचे असे लाखो तुकडे म्हणजे लाखो गट समजा. कोणता गट कोणाकडे आणि कोणता पडीक, हे लिहून ठेवणारी जी व्यवस्था तिला फाइल सिस्टीम म्हणतात. प्रत्येक फायलीचा एक उतारा असतो, त्याला आयनोड असे नाव आहे. त्यात फायलीचा आकार, मालक, तारखा आणि तिचे तुकडे डिस्कवर कोठे कोठे आहेत हे लिहिलेले असते. पण फायलीचे नाव मात्र त्यात नसते! नावांची यादी वेगळी, तिच्यात नावासमोर आयनोडचा नंबर. आपल्याकडेही तेच आहे की. ‘थोरलं रान’, ‘विहिरीचं शेत’ ही नावे माणसांच्या तोंडी. उताऱ्यावर फक्त गट नंबर.

म्हणजे एक नवी फाइल ठेवायची तर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते. पडीक तुकड्यांच्या यादीतून तुकडा काढायचा, आयनोड भरायचा, आणि नावांच्या यादीत ओळ घालायची. तिन्ही कामे एका क्षणात होत नाहीत. शिवाय यंत्र प्रत्येक बदल लगेच डिस्कवर लिहीत नाही; काही काळ तो आपल्या स्मृतीत ठेवतो आणि सवडीने उतरवतो, कारण डिस्कवर लिहिणे हे त्याच्या मानाने फार मंद काम. जुन्या युनिक्सवर दर तीस सेकंदांनी अशी उतरवणी होई.

आता मध्येच वीज गेली तर? आमच्या भागाने भारनियमनाची वर्षे काढली आहेत, तेव्हा ही कल्पना करणे अवघड नाही. नाव यादीत आले, पण आयनोड कोराच. किंवा तुकडा दोन फायलींच्या नावे लागला, जशी एकच पट्टी दोघांच्या उताऱ्यावर चढावी. किंवा तुकडा पडीक यादीतून निघाला आणि कोणाच्याच नावे लागला नाही. यांतला दुसरा प्रकार सर्वांत वाईट. कारण दोन्ही मालक आपापल्या परीने खरे असतात, आणि एकाने लिहिले की दुसऱ्याचे पुसले जाते.

युनिक्स ही प्रणाली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मली. केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे या तिघांनी तिच्या फाइल सिस्टीमचा आराखडा आखला. फार सुटसुटीत काम होते ते. आजच्या बहुतेक प्रणालींत त्याची छाया दिसते. पण अपघाताला उत्तर त्यात नव्हते. यंत्र कोसळले की जाणत्या माणसाने बसून आकडे जुळवायचे. यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा द्यावी, अशी एक रूढीच पडली. एकदा देऊन भागत असेल, पण माणसाला तीनदा दिल्याशिवाय चैन पडत नसे.

पुढे टेड कोवाल्स्की याने तपासणीचा एक कार्यक्रम लिहिला. त्याचे नाव फ्स्क. या कार्यक्रमाचे काम म्हणजे साऱ्या गावची फेरमोजणी. प्रत्येक आयनोड उघडायचा, कोणते तुकडे कोणाकडे ते मांडायचे, दोन ठिकाणी लागलेले शोधायचे, नावांच्या याद्या पडताळायच्या, शेवटी पडीक यादी नव्याने करायची. ज्या फायलींना मालक आहे पण नाव उरलेले नाही, त्या ‘हरवले-सापडले’ नावाच्या एका खोलीत नेऊन ठेवायच्या. पुष्कळ वर्षे यावर काम भागले. पण डिस्क मोठ्या होत गेल्या. गाव वाढले की मोजणीचे दिवस वाढतात, तसे तपासणीचे तास वाढले. वीज गेली पाच सेकंद आणि कचेरी बंद राहिली सकाळभर, अशी अवस्था मोठ्या यंत्रांवर येऊ लागली.

याच्या उत्तराची वाट आधी बँकांच्या आणि हिशेबाच्या कामात निघाली. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात जिम ग्रे आणि त्याचे सहकारी यांनी व्यवहार ही कल्पना पक्की केली. व्यवहार एक तर संपूर्ण झाला, नाही तर झालाच नाही; अर्धा व्यवहार ही चीजच नाही. आणि हे साधायचे कसे? तर मूळ वहीत हात घालण्याआधी, काय करणार ते वेगळ्या कीर्दीत लिहायचे. या विद्येला पुढे अत्यंत नेमके रूप दिले ते एका भारतीयाने. चंद्रशेखरन मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी. मधून शिकून आयबीएममध्ये गेलेले. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९९२ सालचा ‘एरीज’ नावाचा प्रबंध या विषयातल्या लोकांना पाठ असतो म्हणा ना.

फाइल सिस्टीममध्ये ही कीर्द आली १९९० च्या सुमारास. आयबीएमने आपल्या युनिक्समध्ये ती आणली. १९९१ मध्ये व्हेरिटास कंपनीची कीर्दवाली फाइल सिस्टीम आली. या व्हेरिटासचा आपल्याशी एक दुवा आहे. तिचे मोठे काम पुण्यात चाले, आणि तेथे तयार झालेल्या मंडळींपैकी मिलिंद बोराटे, जसप्रीत सिंग आणि रमणी कोथंडरामन यांनी २००८ साली पुण्यातच ड्रूव्हा ही कंपनी काढली. तिचा धंदा लोकांच्या माहितीची नक्कल सुरक्षित ठेवण्याचा. नक्कल ही कीर्दीपेक्षा वेगळी गोष्ट, हे येथे लक्षात ठेवावे. कीर्द अर्धवट कामापासून वाचवते; डिस्कच जळाली तर कीर्दही तिच्याबरोबर जळते.

लिनक्स ही प्रणाली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. तिचा मजकूर सर्वांना वाचायला आणि बदलायला मोकळा. तिला कीर्द जोडून दिली स्टीफन ट्वीडी याने. १९९८ मध्ये त्याने आपली योजना मांडली. त्या वेळची चालू फाइल सिस्टीम एक्स्ट-दोन. ती मोडून नवी बांधण्याऐवजी त्याने तिलाच एक कीर्द जोडली आणि एक्स्ट-तीन झाली. बांधलेले घर न पाडता पडवी काढावी तसे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण जुनी डिस्क तशीच्या तशी नव्या रीतीवर नेता येई, आणि नको वाटले तर मागेही येता येई.

रीत अशी. बदलायचे असलेले तुकडे आधी कीर्दीत लिहायचे. सगळे लिहून झाले की शेवटी एक शिक्का मारायचा : ‘नोंद पुरी.’ मगच ते तुकडे आपापल्या जागी उतरवायचे. साधारणतः दर पाच सेकंदांनी असा एक व्यवहार बंद होतो. वीज गेली आणि परत आली, की यंत्र सारा गाव मोजत बसत नाही. कीर्द वाचते. शिक्का असलेली नोंद पुन्हा जागेवर उतरवते. शिक्का नसलेली सोडून देते. पेन्सिल आणि शाईच म्हणायची. आणखी एक खुबी आहे. कीर्दीत ‘पाच मिळवा’ असे लिहिलेले नसते, सबंध तुकडा जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्यामुळे उतरवताना पुन्हा वीज गेली आणि तीच नोंद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उतरवली तरी फळ तेच. ‘पाच मिळवा’ असते तर तीन वेळा वीज जाऊन पंधरा झाले असते!

ही एक्स्ट-तीन लिनक्सच्या अधिकृत मजकुरात आली ती २.४.१५ या आवृत्तीत. तारीख २३ नोव्हेंबर २००१. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण आदल्या दिवशीच झालेला. त्या सणाला तेथे टर्की पक्षी खातात, म्हणून टोरवाल्ड्सने आवृत्तीच्या नावात ‘तूप माखलेली टर्की’ अशा अर्थाचे शब्दही घातले होते. त्याच वेळी त्याने २.४ या शाखेचा कारभार ब्राझीलच्या मार्सेलो टोसाटी या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाकडे सोपवला आणि स्वतः पुढच्या २.५ च्या कामाला लागला.

आणि नेमकी हीच आवृत्ती घातकी निघाली. वीज गेली तर अपघात होतो हे आपण पाहिले. येथे वीज न जाता, रीतसर यंत्र बंद करताना अपघात होई. त्याचे असे झाले. डिस्क सोडवताना, म्हणजे संगणकाने तिच्यावरचा आपला ताबा काढताना, स्मृतीत असलेले आयनोड एकेक करून मोकळे केले जातात. ज्यात बदल झाला आहे तो आधी डिस्कवर उतरवायचा आणि मग स्मृतीतून टाकायचा, हा क्रम. नव्या बदलात तो चुकला. डिस्क सोडवण्याच्या वेळी बदललेला आयनोड न उतरवताच टाकला जाई. तलाठ्याने बदलीच्या दिवशी दप्तर बांधताना टेबलावरचे ताजे कागद वहीत न लावता रद्दीत घालावे, तसे. त्या वेळी बहुतेक यंत्रांवर अजून बिनकीर्दीची जुनीच रीत चालू होती. आणि जो बदल कीर्दीपर्यंत पोचलाच नाही, त्याला कीर्द तरी काय करणार?

असा दोष सापडायला कठीण का असतो ते पाहा. काम करताना सारे ठीक दिसते. फाइल उघडते, वाचता येते, कारण ती स्मृतीतून येत असते. बंद करतानाही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर डिस्कचा मेळ बसत नाही, आणि तेव्हा संशय जातो डिस्कवर, विजेवर, कालच्या माणसावर. चुकीची ओळ मात्र सबंध एक दिवस मागे असते.

तरी तो सापडला, आणि फार लवकर. जगभर लोकांनी आवृत्ती उतरवून घेतली होती, त्यांनी उघडपणे सांगितले की आमच्या डिस्क बिघडत आहेत. मजकूर सर्वांसमोर असल्याने कोणता बदल नवा हे कोणालाही पाहता येत होते. फाइल सिस्टीमचा जाणकार अलेक्झांडर विरो याने दुरुस्ती केली. टोसाटीने काढलेल्या २.४.१६ च्या बदलांच्या यादीत ती एका ओळीत आहे : आयनोड सोडताना तो नीट उतरवणे, आणि कंसात विरोचे नाव. २.४.१६ प्रसिद्ध झाली २६ नोव्हेंबरला. तीन दिवस! अठरा वर्षांच्या पोराची कारभारी म्हणून ही पहिली आवृत्ती. टोरवाल्ड्सच्या नव्या २.५.० मध्येही तोच दोष होता, कारण दोन्ही वह्या एकाच मुळावरून नकललेल्या.

त्याआधी ऑक्टोबरातही असेच झाले होते. २.४.११ मध्ये एका फायलीकडून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांचा दोष निघाला. तेव्हा ती आवृत्ती गुपचूप काढून घेतली नाही. तिच्या नावालाच ‘वापरू नका’ असा शेरा जोडून ती तशीच ठेवली. रद्द झालेला फेरफार नोंदवहीतून फाडत नाहीत, ‘रद्द’ लिहून नंबर राखतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला अशी रद्द नोंद सोन्यासारखी.

कधी कधी संगणक आपणहून थांबतो, त्याविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. लोक त्याला यंत्र ‘कोसळले’ म्हणतात आणि चिडतात. पण एक्स्ट फाइल सिस्टीमला वहीत विसंगती दिसली तर काय करावे हे आधी ठरवून देता येते. तसेच चालू राहावे. किंवा वही फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवून लिहिणे बंद करावे. किंवा सबंध यंत्र थांबवावे. एकाच गटाला दोन मालक दिसत असताना पुढचे खरेदीखत नोंदवीत राहणारा तलाठी बरा, की वही मिटून तहसीलला कळवणारा बरा? शिक्षक मंडळींनी शाळेचा संगणक असा थांबला म्हणजे लगेच पुन्हा पुन्हा दामटू नये, ते याचसाठी.

आपल्या सातबाराचेही दरम्यान संगणकीकरण झाले. हस्तलिखित उतारे यंत्रात भरताना चुका राहिल्या : क्षेत्राचा आकडा फिरला, नावातले अक्षर गेले, एखादा वारस गळाला. त्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले, उतारे मोठ्याने वाचून लोकांना विचारले गेले. लेखनाच्या चुका दुरुस्त करायला १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १५५ होतेच. १ मे २०१८ पासून अंकित, म्हणजे डिजिटल सहीचा, सातबारा मिळू लागला. पेन्सिल गेली, पण नोंद प्रमाणित होईपर्यंत उताऱ्याखाली ‘प्रलंबित फेरफार’ म्हणून नंबर दिसतो. मला स्वतःला चावडी वाचन या संबंध कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. यंत्र आकड्यांचा मेळ पाहील. चुलत्याचे नाव गळले हे चुलतीलाच कळणार.

एक्स्ट-तीननंतर एक्स्ट-चार आली. २००९ साली तिच्याबद्दल ओरड झाली, की यंत्र कोसळल्यावर नुकत्याच जतन केलेल्या फायली शून्य लांबीच्या निघतात. उतारा शाबूत, शेत रिकामे! वेग वाढावा म्हणून ती जागा नेमून देण्याचे काम लांबणीवर टाकी, त्याचा तो परिणाम. थिओडोर त्सो या तिच्या मुख्य रचनाकाराने आधी सांगितले की कार्यक्रम लिहिणाऱ्यांनीच फाइल पक्की उतरवून घ्यायला हवी. शास्त्र पाहिले तर त्याचे खरे होते. पण लोकांची सवय पाहून त्याने फाइल सिस्टीममध्येही सोय केली. हीच एक्स्ट-चार पुढे अँड्रॉइडच्या फोनांतही गेली. बॅटरी संपून हातातला फोन झटकन विझतो आणि चार्जिंगला लावल्यावर मुलांचे फोटो जागच्या जागी असतात, त्यामागे ही कीर्द असू शकते.

इतके होऊनही दोष संपले असे मात्र नाही. डिसेंबर २०२३ मधली गोष्ट घ्या. लिनक्सच्या ६.१ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेत नव्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या मागे आणून लावतात. एक्स्ट-चारची एक दुरुस्ती अशीच ६.१.६४ मध्ये आणली गेली. पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो बदल आणायचा राहिला. वाटणीपत्राचा फेरफार उतरवला आणि त्याच्या आधीचा वारसनोंदीचा फेरफार विसरला, असे झाले. फायलीत लिहिण्याची जागा चुकू लागली आणि माहिती बिघडू लागली. डेबियन ही लिनक्सची मोठी वाटपसंस्था, तिची १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबरला निघायची होती आणि तिच्यात नेमका हा दोषी मजकूर होता. ती अडवून धरली गेली, लोकांना यंत्रे इतक्यात अद्ययावत करू नका असे कळवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त मजकुरासह १२.४ बाहेर पडली.